टाकलं म्हणजे ठेवलं

पुरवणी जबाब

मी, सारजाबाई गेणबा हुलगे, वय बासष्ट (पासष्टही असेल, लिहून ठेवणारं कुणी नव्हतं), शिक्षण दुसरी, धंदा पोरं सांभाळणे (सात), राहणार हुलगे वस्ती, शेळगाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. आज मंगळवार, तारीख ११ फेब्रुवारी १९९७. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मला कुणी बोलावलेलं नाही. मी स्वतःच्या पायानं पोलीस दूरक्षेत्रात येऊन तोंडी सांगते आणि हवालदारसाहेब लिहून घेतात ते खालीलप्रमाणे.

आज सकाळी सव्वादहा वाजता मी याच टेबलापुढं एक जबाब दिला. त्यात एक शब्द चुकला. चूक माझी आहे. हवालदारसाहेब कोकणातले. मी बोलले ते त्यांना समजलं तसं त्यांनी लिहिलं आणि मी वाचून न घेताच सही केली. बाहेर दादासाहेब पाटलांची मोटरसायकल चालूच होती आणि माझ्या काखेत पोर रडत होतं. तो शब्द दुरुस्त करायला मी आले आहे. त्या एका शब्दानं एक बाई सात वर्षं आत जाते, हे मला दुपारी कळलं. म्हणून या खेपेला मी बोलेन तसंच लिहायचं, मधे शुद्ध करायचं नाही, असं आधी ठरवून घेतलं आहे. साहेब व्हय म्हणाले. ते व्हय पण तसंच लिहा.

पहिलं धंद्याबाबत. सकाळी धंदा "घरकाम" लिहिला होता. घरकाम मी करते, पण ते न करणारी बाई मी अजून बघितली नाही, त्यामुळे तो धंदा होत नाही. आमची मेंढरं होती. मालक वारल्यावर चार वर्षांमागं विकली. वाघूर तेवढी राहिली. वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची सुताची जाळी. कडेनं मेखा ठोकायच्या आणि ताणायची. माझी सून प्रगती बारामतीला एमआयडीसीत शर्ट शिवायच्या कारखान्यात लागली तेव्हा तिची मुलगी सृष्टी सव्वा वर्षाची होती. मी वाघूर लिंबाखाली ताणली, खाली पोती आणि गोधडी घातली आणि सृष्टीला आत सोडलं. फाट्यावर गाडीला उभ्या राहणाऱ्या बाकीच्या बायांनी ते बघितलं. दोन महिन्यांत सात झाली.

पोरं मेंढरागत कोंडते असं गावात बोलतात. बोलू द्या. बोलणाऱ्यानं एक पोर एक तास सांभाळून दाखवावं. जाळीतनं पोर बाहेर जात नाही, बुडत नाही. आमच्या जुन्या वस्तीवर विहिरीला कठडा नव्हता. मला सहा मुलं झाली, पाच आहेत. याचा या गुन्ह्याशी संबंध नाही, पुढं लिहा.

सातही मुलांच्या बापांची नावं साहेबांनी सकाळी विचारली होती. मला पाठ नाहीत. बाप कधी सोडायला येत नाहीत की न्यायला येत नाहीत. आयांची सगळी माहीत आहेत, त्या बाहेर ओट्यावर उभ्या आहेत, आवाज येतोच आहे.

माझी मोजायची रीत सांगते, कारण गुन्हा त्यातनंच निघाला. मेंढरं आम्ही जोडीनं मोजतो. दोन, दोन, दोन. पोरंही तशीच मोजते. तीन जोड्या आणि वर एक. वरची एक नेहमी स्वराली असते, कारण ती चावते आणि तिच्याशेजारी कुणी बसत नाही. प्रत्येकाच्या मनगटाला मी लोकरीचा दोरा बांधते, ज्याला जेवढ्या गाठी तेवढा त्याचा नंबर. संध्याकाळी आई आली की गाठी बघून पोर देते. बायांना वाटतं म्हातारीला तोंडं ओळखू येत नाहीत. तोंडं येतात. पण घाईत चूक नको.

सुनेबाबत. प्रगती रोज दुपारी साडेबारा वाजता कारखान्याबाहेरून आमच्या फाट्यावरच्या एसटीडीत फोन करते. एसटीडीवाला हाक मारतो, मी जाते. ती विचारते, "आत्या, जेवली का?" मी म्हणते, "जेवली. तू जेवलीस का?" मग ती विचारते, "माझं नाव काढलं का?" काढलं म्हणाले तर तिकडं रडते, नाही म्हणाले तरी रडते. म्हणून मी खरं काय असेल ते सांगते. घरी आल्यावर आधी पोरीला घेत नाही, आधी भांडी घासायला बसते, जणू दिवसभर चोरी करून आली आहे. मी तिला अनेकदा बोलले आहे. "अगं, मी मेंढरामागं बारा बारा कोस चालले तवा मला कुणी इचारलं न्हाय पोर कुटं हाय म्हून. तू तर पंख्याखाली बसतीस." त्यानं तिचं रडं थांबलं नाही. हे का सांगते ते पुढं येईल.

आज सकाळी. कंपनीची गाडी फाट्यावर सात वाजता येते. आज ती सातला दहा कमी असतानाच आली आणि ड्रायव्हर अप्पा हॉर्नवर हात ठेवून बसला. धुकं पडलं होतं, लिंबापलीकडचं दिसत नव्हतं. सगळ्या बाया पळत आल्या. एकीनं पोर वरून दिलं, एकीनं खालून सारलं, एकीचा डबा सांडला, स्वरालीनं कुणाचा तरी कान धरला. मी खाली बसून एकाचं नाक पुसत होते. तेवढ्यात मागनं आवाज आला, "आत्या, टाकते गं हितं!" आणि चपला वाजत गेल्या. मी मान वर केली नाही. गाडी गेली.

गाडी गेल्यावर मी मोजलं. दोन, दोन, दोन, दोन.

वर कुणी उरलं नाही. मी म्हणाले चुकलं. परत मोजलं. चार जोड्या. उलटीकडनं मोजलं. चार जोड्या, आणि स्वरालीशेजारी एक पोर बसलेलं, आणि ती त्याला चावत नव्हती! तिला त्यानं एक गाजर दिलं होतं. साहेब, पन्नास वर्षं मी मोजत आले. कमी भरलेलं पुष्कळ वेळा बघितलं. लांडग्यानं नेलं, ट्रकखाली गेलं, बाजारात चोरलं. जास्त भरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.  मी ओरडले, "भिमा! आठ झाली रं!" माझा मुलगा भिमा बाहेर आला. त्यानं काही पाहिलं नव्हतं. तो कधीच काही पाहत नाही.

पोर मुलगा, नऊ-दहा महिन्यांचा, दोन दात आलेले, अंगावर पिवळं झबलं. मनगटाला दोरा नाही. शेजारी एक पिशवी, त्यात दोन लंगोट आणि झाकणाचा एक डबा. डब्यात पेज होती, मीठ-तूप घातलेली, अजून कोमट. पोर भुकेलं होतं. मी त्याला पेज चारली, डबा घासला आणि उन्हात पालथा घातला. सकाळच्या पंचनाम्यात डबा नाही. त्याचं कारण एवढंच की मला घाण भांडं बघवत नाही.

वस्तीवर माणसं जमली. प्रत्येकानं पोराचं तोंड कुणासारखं दिसतं ते सांगितलं. चार गावांची नावं निघाली. पोलीस पाटील दादासाहेब आले आणि म्हणाले, "सारजाकाकू, हे आत्ताच्या आत्ता कळवाय पायजे. न्हायतर उद्या म्हणतील म्हातारीनं पोर पळवून आणलं." मला ते पटलं. सात पोरं भिमाच्या हवाली केली. तो घाबरला. मी म्हणाले, "एक तर तुझीच हाय त्यात." आणि आठवं काखेत मारून दादासाहेबांच्या मागं गाडीवर बसले.

इथं साहेबांनी विचारलं, "आजी, काय झालं?" मी धापा टाकत होते. मी म्हणाले, "सायेब, कोण तरी बाई आली आन् टाकते म्हणाली आन् पोर टाकून गेली." साहेबांनी लिहिलं ते असं: "अनोळखी महिलेने 'टाकून देते' असे म्हणून पुरुष जातीचे बालक टाकून दिले." मी सही केली. साहेबांनी पोर तात्पुरतं माझ्याच ताब्यात दिलं आणि त्याची पावती घेतली. माणसाच्या पोराची पावती मी पहिल्यांदा बघितली.

साडेबाराला प्रगतीचा फोन आला. मी सृष्टीचं काही सांगायच्या आत म्हणाले, "प्रगते, आठ भरली! कुणी तरी टाकून गेलं! पोलिसात दिलंय, कागद झालाय!" ती म्हणाली, "अगंबाई." आणि आज पहिल्यांदा ती सृष्टीचं विचारायचं विसरली. ही माझी दुसरी चूक. तिनं तिकडं जाऊन मशीनवरच्या सगळ्या बायांना सांगितलं. हे ती बाहेर कबूल करते आहे.

तीन वाजता पोरं झोपली. मी डबा आत घ्यायला गेले. हातात घेतला आणि तिथंच उभी राहिले. पोराला आंघोळ घातलेली. टाळूला तेल. काजळ. पेजेत तूप. दोन लंगोट धुऊन घडी केलेले. दोनच का? तर संध्याकाळपर्यंत दोनच लागतात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या सातही बाया सकाळी हेच म्हणतात की! "आत्या, टाकते गं पोरीला." "म्हातारे, टाकलं हं, बघ." प्रगती घरातली असून तीही म्हणते. आमच्याकडं दुसरा शब्दच नाही. ती बाई पोर टाकून गेली नव्हती, टाकून कामाला गेली होती.

मी तशीच दादासाहेबांकडं गेले. ते म्हणाले, "काकू, आता कागद गेला. उद्या सकाळी पोराला पुण्याला संस्थेत न्यायला गाडी येणार. आन् आई घावली तर कलम हाय, सात वर्षं." मी म्हणाले, "म्हंजी घावली तर आई तुरुंगात, न्हाय घावली तर पोर पुण्याला?" ते म्हणाले, "व्हय." आणि चहा घेता का विचारलं. मी चहा घेतला नाही.

आता आई शोधायची रीत. कळपात एखादं कोकरू कुठल्या मेंढीचं ते कळेना झालं, तर ते उपाशी ठेवायचं आणि कळप परत आला की मधे सोडायचं. कोकराकडं बघायचं नाही. कोकरू चुकतं, भुकेनं कुठल्याही मेंढीला लागतं. मेंढ्यांकडं बघायचं. मेंढी चुकत नाही. मी पोराला तीन वाजल्यापासून काही दिलं नाही. हे मी कबूल करते. त्याबद्दल कलम असेल तर लावा.

सहाला पाच कमी असताना गाडी आली. मी पोर घेऊन फाट्यावर उभी होते. ते भुकेनं नुसतं पेटलं होतं. आमच्या सात बाया आणि कळसकडची एक बिनलग्नाची मुलगी उतरली. सगळ्या पोराभोवती जमल्या. प्रगती म्हणाली, "आत्या, कारखान्यात आज दुसरं बोलणंच न्हाय. मीच म्हणाले सगळ्यांदेखत, असल्या बाईला आई म्हणू नये." मी म्हणाले, "तुला कुणी इचारलं व्हतं?"  कुणीच पोर मागितलं नाही. अप्पानं गियर टाकला.

गियर टाकला, साहेब. तोही शब्द बघा.

मी गाडीपुढं जाऊन उभी राहिले. अप्पा ओरडला, "म्हातारे, मरतीस का?" मी म्हणाले, "दार उघड, मग सांगते." आत निमगाव केतकीच्या बाया होत्या, अकरा.  पोर पुढं धरून मधल्या वाटेनं चालत गेले. त्याचं रडं असं की गाडीचा पत्रा वाजत होता. सगळ्या बाया पोराकडं बघत होत्या. रडणाऱ्या पोराकडं बाई बघतेच. मागच्या बाकावरची एकच बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर काही नव्हतं, ऊस होता. तिनं दोन्ही हात काखेत घालून छाती आवळून धरली होती. पदर ओला होता.

मी म्हणाले, "थंडी वाजती व्हय गं?"

ती म्हणाली, "न्हाय."

"मग हात सोड."

तिनं हात सोडले. पोर माझ्याकडून तिच्याकडं कसं गेलं ते जबाबात लिहिता येणार नाही. मी दिलं नाही, तिनं मागितलं नाही. रडं थांबलं. त्या गाडीत एवढी शांतता झाली की ड्रायव्हर मागं वळून बघायला लागला, आणि अकरा बाया मिळून त्याला म्हणाल्या, "पुढं बघा!"

ती बाई म्हणाली, "आत्या, मी टाकलं न्हाय वो."

मी म्हणाले, "ठाव हाय. टाकलं मी. कागदावर."

तिचं नाव कौसल्या, वय एकवीस, राहणार कळस रस्त्याला भावाच्या रानात. पोराचं नाव लखन. साहेबांनी कागदावर "अनोळखी बालक" लिहिलं आहे तिथं हे नाव घालावं. नवऱ्यानं तिला पोटुशी असताना टाकली. कारखान्यात लागून तिला आठ दिवस झाले. भावजय पोर बघत होती, काल सांगितलं की उद्यापासून बघणार नाही. नव्या बाईचा पहिल्या पंधरवड्यात एक खाडा पडला की काढून टाकतात. संध्याकाळी ती आमच्या फाट्यावर उतरून पोर घेऊन जाणार होती. पण दुपारी मशीनवर ऐकलं की पोलिसात कागद झालाय, आणि असल्या बाईला आई म्हणू नये. ती उतरलीच नाही. मी विचारलं, "मग काय करणार व्हतीस?" ती म्हणाली, "निमगावात उतरून चालत मागं येणार व्हते. लांबनं बघणार व्हते, आत हाय का."

हे ऐकून प्रगती दारात उभी होती ती तिथंच पायरीवर बसली.

मग मी अप्पाला म्हणाले, "गाडी चौकीवर घे." अप्पा म्हणाला, "कंपनीची गाडी हाय, आजे, माझी नोकरी जाईल." तर निमगावची एक बाई म्हणाली, "न्हाय घेतलीस तर उद्या आमी एक पण चढणार न्हाय. रिकामी गाडी ने कंपनीत." आमच्या सात जणी वस्तीवर पळाल्या आणि आपापली पोरं उचलून परत गाडीत चढल्या. भिमा म्हणाला, "मी काय करू?" मी म्हणाले, "वाघूर नीट कर, एक मेख निघालीया." अशा रीतीनं आठ पोरं, एकोणीस बाया, एक कळसची मुलगी आणि मी इथं आलो आहोत. ओट्यावर गर्दी झाली, एक कुंडी फुटली, ती स्वरालीनं फोडली. भरून देऊ.

साहेबांना मी वरचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "आजी, टाकलं म्हणजे टाकलंच ना? शब्द तुमचाच आहे." मी म्हणाले, "सायेब, मी तव्यावर भाकरी टाकते. ती काय उकिरड्यावर जाती का? पोराला शाळंत टाकतात. तुमी आत्ता कागदावर सही टाकणार. अंथरूण टाकतात. जेवायला पाट टाकतात." साहेब म्हणाले, "मग नवऱ्यानं टाकली म्हणता ते?" ते मात्र त्यांनी बरोबर धरलं. त्यालाही आम्ही टाकणंच म्हणतो. म्हणून फरक लिहून देते, पुढं कुणा हवालदाराला उपयोगी पडेल. डबा बांधून दिला आणि संध्याकाळी न्यायला यायचं असलं, तर ते ठेवणं. डबा नाही आणि परत यायचं नाही, तर ते टाकणं. कौसल्याच्या नवऱ्यानं जाताना डबा बांधला नव्हता. त्याच्यावर काय कलम आहे, असं मी विचारलं. साहेब म्हणाले तो वेगळा विषय आहे. तोही कागदावर राहू द्या, की वेगळा आहे.

डबा मी बरोबर आणला आहे. जप्त करायचा तर करा. पण सकाळी साडेसहाच्या आत परत पाहिजे, पोराला पेज लागते.

साहेबांनी विचारलं, बाया कामाला जाताना "टाकते" असंच म्हणतात याला साक्षीदार कोण? मी काही बोलायच्या आत प्रगती आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सृष्टी काखेत होती. ती म्हणाली, "सायेब, मी पण रोज टाकते. आज बी टाकली. उद्या बी टाकणार हाय. माझ्यावर पण लिहा." आणि खिडकीतनं बाकीच्या सुरू झाल्या, "माझ्यावर बी लिहा!" निमगावची एक म्हणाली, "माझी दोन हायत, दोनदा लिहा!" साहेब म्हणाले गुन्हा असा लिहीत नाहीत. मी सुनेला चार वर्षं ओळखते. पोराचं नाव काढून ती न रडता बोलली असं आज पहिल्यांदा झालं. मग ती कौसल्याकडं वळली आणि काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायला पण गेले नाही. पाणी मात्र तिनंच आणून दिलं.

आता सकाळी सांगितलं नाही ते. कुणी विचारलं नव्हतं, पण मला माहीत होतं. किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. काल सोमवारी दिवेलागणीला मी पोरं मोजून देत असताना कुंपणाबाहेरून एका बाईनं विचारलं, "आत्या, अजून एक घेता का?" मी तोंड वर केलं नाही. मी म्हणाले, "सात बास." ती थोडा वेळ उभी होती. मग गेली. ती कौसल्या होती. मी तोंड वर केलं असतं तर सकाळी आवाज ओळखला असता, आणि तुमचा कागद वाया गेला नसता. पोर सोडून तिनं केलेली घाई गुन्ह्यात धरायची असेल तर माझं "सात बास" पण धरावं. कुठलं कलम ते मला माहीत नाही.

साहेब म्हणतात, पहिला जबाब फाडता येत नाही. त्याला हा जोडून उद्या सकाळी तालुक्याला मोठ्या साहेबांकडं पाठवतील आणि मोठे साहेब ठरवतील. पुण्याची गाडी उद्या येऊ नये म्हणून त्यांनी आत्ताच माझ्यासमोर फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. गाडी येणार नाही. तेव्हा ओट्यावर जो आरडाओरडा झाला त्याबद्दल माफी असावी. पोराची माझ्या नावची पावती रद्द करून कौसल्याच्या नावानं केली. त्यात "बालकाशी नाते" असा एक रकाना आहे. साहेबांनी तिला विचारलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस? सायेबांना सांग." तिनं सांगितलं. प्रगती म्हणाली, "मोठ्यानं सांग." तिनं मोठ्यानं सांगितलं. साहेबांनी लिहिलं.

तालुक्याच्या साहेबांनी हा कागद वाचून बोलावलं तर मी येईन, पण सकाळी नऊच्या नंतर. नऊपर्यंत मला धंदा आहे.

वरचं सगळं हवालदारसाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी त्यांना मधे तीनदा थांबवलं, खिडकीतल्या बायांनी पाचदा. मी बोलले तसंच आहे, व्हय पण आहे. एकच चूक निघाली. अगदी वर, धंद्यापुढं, सात लिहिलं होतं. ते खोडून आठ केलं. खोडल्या जागी माझी सही आहे.

सही: सारजा